नेयदीच्या उजव्या डोळ्याबद्दल

मेरिदा, ९ नोव्हेंबर

ताता,

हे पत्र लिहायचं मी इतके दिवस टाळलं, की आता कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. वही घेतली तर पेन हरवलं, पेन मिळालं तोवर वही कुणाला तरी देऊन बसलो होतो. खरं म्हणजे काय लिहायचं ते माहीत होतं, म्हणूनच टाळत होतो. तुम्ही म्हणाल, रुसेलचं हे नेहमीचंच, मधमाश्यांचा ओंडका उचलायची वेळ आली की ह्याला लघवीला लागते. म्हणा. तिकडे रानात फोनला रेंज नाही, नाहीतर फोनच केला असता, आणि तुमचा आवाज ऐकून तोही मध्येच ठेवला असता.

पोर बरी आहे. हे आधी लिहायला हवं होतं.

आम्ही इस्पितळामागच्या धर्मशाळेत राहतो. चर्चच्या सिस्टर लोक चालवतात. मिर्ना आणि नेयदी, तुमची लेक आणि नात, बायकांच्या खोलीत, आणि मी बाहेर व्हरांड्यात हॅमॉक टांगून. शेजारच्या हॅमॉकमध्ये तिसिमीनचा एक म्हातारा असतो, तो झोपेत गुरं हाकतो. परवा त्याने मलाही हाकललं. पण हे राहू दे.

यंदा पितरांच्या जेवणाला गावच्या घरी कुणीच नव्हतं. आईसाठी मक्याचा पिब कोण भाजणार जमिनीत पुरून? मी बाजारातून एक तुकडा आणला, केळीच्या पानासकट खिडकीत ठेवला, मेणबत्ती लावली. नेयदी म्हणाली, "मामा, आजीला मेरिदाचा पत्ता माहीत आहे का?" मिर्ना उठून बाहेर गेली.

डोळ्याचं सांगतो. बाहेरून तो तसाच आहे, पांढरा स्वच्छ. लाल नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. आपण सगळे इथेच फसलो ना, पहिल्यापासून. गुडघा सुजला तो दिसला, लंगडली ते दिसलं, पण त्याच संधिवाताने आत डोळाही धरलाय हे कुणाला दिसणार होतं! आता तुमच्यामाझ्यासारख्यालाही दिसतं. बाहुलीच्या मागे दुधाळ पडदा आलाय. मोतीबिंदू. सात वर्षांच्या पोरीला. तुम्ही रानात गेलात तेव्हा ती त्या डोळ्याने बोटं मोजायची. आता हात हलला एवढंच कळतं. डावा डोळा चांगला आहे, त्याच्यावर सगळं चाललंय.

डॉक्टरीणबाई बाकेइरो म्हणून आहेत. बारीक बाई, आवाज मात्र बैलांच्या झुंजीत पुकारा करणाऱ्यासारखा. मी म्हटलं, "बाई, काढून टाका ना तो मोतीबिंदू. माझ्या आत्याचा काढला, दुपारी घरी आली आणि सुनेला शिव्या देऊ लागली."

त्या म्हणाल्या, "तुझ्या आत्याच्या डोळ्यात आग नव्हती, मुला. हिच्या आहे. सुजलेल्या डोळ्यात मी हत्यार घातलं तर मोतीबिंदू जाईल आणि त्याच्यासोबत डोळाही जाईल. आधी आतली सूज पूर्ण जायला हवी, आणि जाऊन सलग तीन महिने तशीच राहायला हवी. मध्ये एकदा जरी दिसली, तर पुन्हा पहिल्यापासून."

"आणि तोवर?"

"तोवर मेंदू त्या डोळ्याला विसरत जाणार. ह्या वयात लवकर विसरतो. म्हणून मलाही घाई आहे. पण घाई करता येत नाही."

असं आहे, ताता. उशीर झाला तरी डोळा जाणार, घाई केली तरी जाणार.

ऑगस्टमध्ये ते तीन महिने संपतच आले होते. ऑपरेशनची तारीखसुद्धा मिळाली होती. आणि त्या तपासणीत बाईंना आत पुन्हा सूज दिसली. त्या दिवशी घरी काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही नेयदीचं डोकं मांडीवर घेऊन इस्पितळाचे थेंब घालायचात आणि मागून आपल्या माश्यांच्या मधाचा एक थेंब घालायचात, हे मिर्नाला त्याच दिवशी कळलं. "तुम्ही माझ्या पोरीला आंधळं केलंत" असं ती म्हणाली. मी मध्ये पडायला हवं होतं. मी अंगणात कुत्र्याशी बोलत उभा राहिलो.

तुम्ही म्हणालात, भांडणाच्या घरात माश्या राहत नाहीत, त्यांना रानात नेतो. आणि पोळ्यांचे सगळे ओंडके गाडीत घालून गेलात. माश्यांसाठी गेला नाहीत, हे मला माहीत आहे.

मी लिहितोय ते मिर्नाला माहीत नाही. वाल्देमारच्या ट्रकने पाठवतोय. उत्तर दिलंत तर त्याच्याच हाती द्या.

रुसेल


मेरिदा, १४ डिसेंबर

ताता,

वाल्देमारला विचारलं, म्हाताऱ्याने पत्र घेतलं का? म्हणाला, "घेतलं. खिशात घातलं."

"वाचलं का?"

"मी काय त्याच्या तोंडाकडे बघत बसू? माझ्या ट्रकमध्ये कोंबड्या होत्या."

एवढंच कळलं. मी अक्षर मोठं काढतोय, बघा. मास्तर असते तर चकित झाले असते.

मला काम मिळालंय. इस्पितळाच्या फाटकासमोर एकाची मार्केसितांची गाडी आहे, त्याचा हात भाजला म्हणून संध्याकाळी मी उभा असतो. पातळ पापुद्रा तव्यावर भाजायचा, भरपूर चीज किसून घालायचं, गरम असतानाच गुंडाळायचं. एक क्षण उशीर झाला की मोडतो. माझ्याकडून खूप मोडतात. मोडलेल्या नेयदीला. त्यामुळे तिला वाटतं मी जगातला सगळ्यात चांगला मार्केसितावाला आहे. जत्रेत झुंजीसाठी बांबूचे मचाण बांधण्यापेक्षा हे बरं, उंचावरून पडायची भीती नाही. नोव्हेंबरात ओश्कुत्स्काबला गेलो असतो तर दोन जत्रा मिळाल्या असत्या, एकजण ओळखीचा होता तिथला, त्याची बहीणही बरी होती. गेलो नाही. का गेलो नाही ते मलाही कळत नाही. एका गावात इतके दिवस मी कधी राहिलोय का?

चांगली बातमी आहे. नोव्हेंबरअखेरच्या तपासणीत डोळ्याच्या आत सूज नव्हती. काल पुन्हा बघितलं, काल पण नाही. बाई म्हणाल्या, "आता मोजायला लागा." मी म्हटलं, "बाई, मागच्या वेळीही मोजत होतो." त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी मलाही उत्तर सापडलं नाही. औषध तेच, डोस तोच, आणि अचानक काम करेनासं झालं. होतं असं कधीकधी. किंवा काहीतरी चुकतं."

काल डोळ्यांची संत, सांता लुसिया, तिचा सण होता. सिस्टरांनी मूर्तीपुढे फुलं मांडली होती. तुम्हाला माहीत आहे ना, तिच्या हातात ताट असतं आणि ताटात दोन डोळे. नेयदी खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हिच्या चेहऱ्यावर दोन आहेत आणि ताटात आणखी दोन. मग एक द्यायला काय होतं हिला?" सिस्टर हसल्या. मिर्ना हसली नाही. ती हल्ली कशालाच हसत नाही.

पोर तुम्हाला विचारते. थेंब घालायच्या वेळी हमखास. मिर्नाने डोकं मांडीवर घेतलं की डोळे गच्च मिटते. "ताता माश्यांची नावं सांगत घालतो. तुला येतात का नावं?" मिर्नाला कुठून येणार! मला दोन येतात, तीही तुम्ही मला शिव्या देताना वापरायचात ती.

अजून एक झालंय. ते लिहू की नको ते ठरत नाहीये.

परवा इस्पितळातली नर्स सगळ्या आयांना इंजेक्शनांबद्दल सांगत होती, संधिवाताची पोरं खूप आहेत इथे. दर पंधरा दिवसांनी घ्यायचं ते, आपल्या नेयदीचंही तेच. नेहमी फ्रिजमध्ये ठेवायचं, घरी नेताना बर्फाच्या डब्यातून न्यायचं, उन्हात राहिलं तर दिसायला तसंच दिसतं पण आतून मेलेलं असतं, वगैरे. मिर्ना तेव्हा औषधांच्या रांगेत होती. नेयदी माझ्याशेजारी बसली होती, चीज चाटत. ती माझ्या कानात काहीतरी म्हणाली.

मी तिला म्हटलं, "हे आईला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस."

"मी सांगणार नव्हतेच," ती म्हणाली. "नवस आहे तो."

बस. आज इतकंच.

रुसेल


मेरिदा, २० जानेवारी

ताता,

आता लिहितो. सगळं.

मे महिन्यात घरी क्रूसाची नऊ दिवसांची प्रार्थना झाली, आठवतं? तुम्ही अंगणात रांगेने खुर्च्या लावल्या होत्या, मी नेमका हजर होतो कारण टर्कीचं काळं सारण शिजणार होतं. क्रूसाला नवा हिपिल, बायका घालतात तसला झगा, मिर्नाने शिवला होता, खाली लाल फुलं भरलेला. ती आणि नेयदी दोघी मिळून त्याला नेसवत होत्या. काय सुंदर दिसत होता तो! सगळ्यांनी म्हटलं, ह्या वर्षी क्रूस नवरीसारखा दिसतो.

त्या हिपिलाच्या आत इंजेक्शनांचे डबे होते. पुढच्या सगळ्या महिन्यांचे. मिर्नाने ते फ्रिजमधून काढून क्रूसाच्या पायाशी ठेवले, वरून कापड सोडलं. नवस बोलली. औषधाला क्रूसाचा हात लागू दे, म्हणजे पोरीचा डोळा वाचेल. सगळ्या मेणबत्त्या समोर, वर पत्रा, आणि मेमधलं ऊन. नऊ दिवस. मग उचलून परत फ्रिजमध्ये.

नेयदीने मला विचारलं होतं, "मामा, क्रूसाच्या पोटात ती होती तेव्हा गार होती का? तिथे फ्रिज नव्हता ना?"

मी बाईंकडे गेलो. कुणाचं नाव घेतलं नाही, एका ओळखीच्या घरी असं झालं म्हणून विचारलं. बाईंनी नेयदीची फाईल जवळ ओढली. म्हणाल्या, "मग त्या ओळखीच्या पोरीला जूनपासून आम्ही पाणी टोचत होतो. इथल्या फ्रिजमधलं मिळालं तशी सूज गेली." मग मी मधाचंही विचारलं, कारण तुम्हाला लिहायचं होतं. त्यांनी मान हलवली. "ती सूज मधामुळे आली असं मी म्हणणार नाही. आजारच तसा आहे, औषध थांबलं की आत पुन्हा पेटतो. पण मधाने ती गेलीही नाही. आणि त्या ओळखीच्या घरी सांग, डोळ्यात पुन्हा काही घालायचं नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात तर अजिबात नाही. मधात जंतू असू शकतात."

तुमच्यापासून काही लपवत नाही, ताता. तुम्ही घालायला नको होतं ते. पण डोळा त्याने गेला नाही.

मग मिर्नाला सांगायची वेळ आली. मी चार दिवस गाडीवर पापुद्रे जाळले. शेवटी धर्मशाळेच्या मागे, जिथे बायका कपडे धुतात, तिथे गेलो. ती चादर पिळत होती.

मी म्हटलं, "क्रूसाच्या हिपिलाखाली काय ठेवलं होतंस?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी का सांगेना."

"नवस सांगितला तर फळत नाही, रुसेल."

"मिर्ना, ते औषध गार ठेवायचं असतं."

"मला माहीत आहे. परत ठेवलं ना मी. फ्रिजमध्येच ठेवलं." आणि मग तिला कळलं. मला तिच्या पाठीवरून दिसलं ते. ती तीच चादर पिळत राहिली. पाणी कधीच संपलं होतं, तरी पिळत राहिली. शेजारची बाई म्हणाली, "अगं फाटेल ती, सिस्टर पैसे घेईल." मी त्या बाईला जा म्हणून खूण केली.

मग मिर्ना म्हणाली, "मी त्यांना काय बोलले होते रे?"

"तुला माहीत आहे काय बोललीस ते."

"ताताला लिहू नकोस."

"लिहिणार."

"मग माझ्यासमोर बसून लिहू नकोस," ती म्हणाली.

म्हणून हे फाटकासमोर, गाडीच्या आडोशाला बसून लिहितोय. तव्याचे डाग पडलेत कागदावर.

डोळा अजून शांत आहे. मार्चच्या सुरुवातीची तारीख दिलीय. या, ताता. कुणी बोलावलं नाही म्हणून येत नसाल तर मी बोलावतोय. मला माहीत आहे, माझ्या बोलावण्याला घरात फारशी किंमत नाही.

रुसेल


मेरिदा, ७ मार्च

ताता,

ऑपरेशन झालं. मंगळवारी.

वाल्देमार म्हणाला मागचं पत्रही तुम्ही घेतलंत, खिशात घातलंत आणि त्याला पाणी प्यायला दिलंत. बाकी शब्द नाही. मी म्हटलं, निदान चेहरा कसा होता? म्हणाला, "होता तसाच. म्हातारा आहे, चेहरा काय बदलणार." मी त्याला पुन्हा कधी काही विचारणार नाही.

बाईंनी मोतीबिंदू काढला. बाहुली आत चिकटली होती, तीही सोडवली. त्या जागी नवं भिंग बसवलं नाही. असल्या डोळ्याला आतलं भिंग परकं वाटतं, त्याने पुन्हा आग लागते, असं त्या म्हणाल्या. आता जाड काचेचा चष्मा लागेल, आणि मेंदूला तो डोळा पुन्हा शिकवायला चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी. मिर्ना म्हणाली, "पहिल्यासारखा होणार नाही का?" बाई म्हणाल्या, "पहिल्यासारखा नाही. पण कामाचा होईल. ह्या आठवड्यात सूज येऊ दिली नाही तर." त्या कुणालाही खोटं सांगत नाहीत. मला ते आवडतं आणि त्यांची भीतीही वाटते.

बुधवारी डोळ्यावरचं कवच काढलं आणि बाईंनी चांगला डोळा झाकला. नेयदी म्हणाली, "सगळं पांढरं आहे." मग म्हणाली, "मामा, तू जाडा झालास." मी गाडीवरचं इतकं चीज खाल्लंय, खोटं काय सांगू. मग तिने भिंतीकडे, खिडकीकडे, सिस्टरच्या निळ्या शालीकडे बघितलं. निळी म्हणाली. बरोबर म्हणाली. मिर्ना बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

पण आता अडलंय. सूज धरू नये म्हणून जागी असेल तोवर तासातासाला थेंब घालायचे असतात. इस्पितळात नर्स घालायच्या, तिघी मिळून धरायच्या. काल धर्मशाळेत परत पाठवलं. आता आम्हीच.

ताता, मिर्नाला थेंब घालता येत नाहीत. जानेवारीपासून तिला औषधाची बाटली हातात धरवत नाही. झाकण उघडते, थांबते, दोनदा नाव वाचते, मला वाचायला लावते, पुन्हा फ्रिजकडे बघते. थेंब गालावर पडतो. पोर ओरडते, डोळा गच्च मिटते. मिटलेल्या डोळ्यावर जोर करायचा नाही असं बाईंनी बजावलंय, आत टाका आहे. मी प्रयत्न केला. ती मला चावली. ही बघा खूण, अंगठ्याजवळ, म्हणजे तुम्हाला दिसणार नाही पण आहे. सिस्टर एकदा घालतात, दुसऱ्यांदा त्यांना दुसरीकडे बोलावणं येतं. काल किती थेंब आत गेले आणि किती उशीवर, देव जाणे.

रात्री जेवताना नेयदी म्हणाली, "ताता आला तर मी उघडीन."

"ताता येणार नाही," मिर्ना म्हणाली.

"का?"

मिर्नाने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. सकाळी मी उठलो तर ती व्हरांड्यात उभी, केस बांधलेले, चपला पायात. म्हणाली, "वाल्देमारचा ट्रक बाजारातून निघायच्या आत मला गाठायचाय. पोरीला सांभाळ."

मी म्हटलं, "आणि थेंब?"

"म्हणूनच जातेय."

"काय सांगशील त्यांना?"

"तू जे लिहिलंस तेच. तोंडाने." दोन पावलं गेली, परत आली. "आले नाहीत तर तिथेच बसून राहीन, रुसेल. त्या माश्यांसमोर. कळेल त्यांना."

ती गेली. मी हे लिहायला बसलो, कारण दुसरं काय करू! हे पाठवायचं तरी कुणाबरोबर, ट्रक तर तीच घेऊन गेली. सकाळपासून दोनदा थेंब चुकलेत. तिसऱ्यांदा एक आत गेला असं मला वाटतं, पोर म्हणते नाही. डोळा आत्ता बघितला. पांढरा, स्वच्छ. त्या पांढऱ्यावर माझा आता विश्वास राहिलेला नाही. पुढची वेळ झालीच आहे आणि ती उशीत तोंड खुपसून बसली आहे. मी म्हटलं, मार्केसिता देतो. म्हणाली, मोडकी नको.

थांबा.

फाटकावर सिस्टर कुणावर तरी ओरडते आहे. "भेटायची वेळ दुपारी, आजोबा! आणि ते लाल मातीचे जोडे काढा आधी, आत्ता पुसलंय." आणि कुणीतरी वाकून जोडे काढतं आहे. सिस्टर विचारते आहे, कुठून आलात? आवाज येतो, रात्रीच्या बसने. कुणाकडे? नेयदी पोओत ऊक.

पोर उशीतून डोकं वर काढून बसली आहे. दोन्ही डोळे उघडे.

ताता, फाटकावर तुम्ही आहात. मिर्ना ह्या घडीला तिकडे तुमच्या बंद दाराला हाका मारत असेल. आत या. नळ डाव्या हाताला आहे, आधी हात धुवा, थेंबांची वेळ टळून चालली आहे.